दुसरा तराजू

दोन वर्षांपूर्वी मी ऑफिसात एक आकडा जाहीर केला होता: चौपट. आमच्या सिस्टिममधला माहिती शोधणारा एक प्रोग्रॅम मी नव्याने लिहिला होता आणि तो जुन्यापेक्षा चौपट वेगाने चालत होता. मोजमाप मीच केलं, आलेखही मीच काढले. शाबासकी मिळाली. तो आकडा मॅनेजरच्या स्लाइडवर गेला आणि तिथून आणखी वरच्या कुणाच्या तरी स्लाइडवर. तीन आठवड्यांनी टीममधल्या एका मुलीने तीच चाचणी वेगळ्या मशीनवर, वेगळ्या पद्धतीने घेऊन पाहिली. सुधारणा होती, पण दहा टक्क्यांच्या आसपास. माझ्या चाचणीत मोजणी सुरू व्हायच्या आधीच बरीचशी माहिती कॅशमध्ये येऊन बसलेली असायची. घड्याळ बरोबर होतं, भागाकार बरोबर होता. शून्य तेवढा चुकीच्या जागी धरला होता.

मी खोटं बोललो नव्हतो. पण त्या संध्याकाळी हार्बर लाइनने पनवेलला येताना एक गोष्ट सलत राहिली. आकडा पाहून मलाही पहिल्यांदा शंका आली होती, आणि मी पुन्हा मोजलंही होतं. एकदा नाही, पाच वेळा. पाचही वेळा त्याच पद्धतीने. पाचही वेळा चौपटच आलं आणि दर वेळी माझी खात्री वाढत गेली.

त्यानंतर मी विज्ञानातल्या अशा चुकांबद्दल वाचायला लागलो. त्यातल्या बऱ्याचशा प्रसिद्ध आहेत, पण मनात रुतून बसली ती फारशी माहीत नसलेली एक. एक तर तिच्यातही आकडा चौपटीचा होता. दुसरं म्हणजे मी मूळचा मेकॅनिकलचा, पुढे आमच्या बॅचमधल्या निम्म्या मुलांसारखा सॉफ्टवेअरमध्ये आलेला. आणि ही चूक आमच्याच पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेतली, धातू ताणून तो किती ताठ आहे हे पाहण्यातली. आणि ती ज्या तराजूने सुटायला मदत झाली, त्या तराजूच्या इतिहासाचा एक धागा चक्क मुंबई बंदरातून निघतो.

फुगवलेला पत्रा

धातूची पट्टी ताणली की ती किंचित लांबते, सोडली की पूर्ववत होते. किती जोर लावल्यावर किती लांबते, याचं गुणोत्तर म्हणजे तिचा ताठरपणा. पुस्तकी भाषेत स्थितिस्थापकता गुणांक, आमच्या भाषेत ‘मोड्युलस’. ही मजबुतीपेक्षा वेगळी गोष्ट आहे. पट्टी कधी वाकेल किंवा तुटेल ते ठोकून, तापवून, गार करून पुष्कळ बदलता येतं. लोहार तेच करतो. ताठरपणा मात्र अणू-अणूंमधल्या बंधांवर ठरतो आणि तो असा सहजी हलत नाही. तांब्याचा ताठरपणा तांब्याचाच राहतो.

म्हणून १९७७ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून आलेल्या निबंधाने खळबळ उडाली. यांग, त्साकालाकोस आणि हिलियर्ड या तिघांनी दोन धातूंचे थर आलटून पालटून चढवलेले पातळ पत्रे बनवले होते: सोनं आणि निकेल, तांबं आणि पॅलेडियम. एकेक थर इतका बारीक, की एका जोडीची जाडी दोन-तीन नॅनोमीटर भरावी. म्हणजे मोजून आठ-दहा अणूंच्या रांगा, की पुन्हा पहिला धातू. अशा पत्र्यांचा ताठरपणा एका ठरावीक जाडीला एकदम उसळी घेत होता. सोनं-निकेलमध्ये दुपटीच्या वर आणि तांबं-पॅलेडियममध्ये चौपटीच्या वर. या प्रकाराला नाव पडलं ‘सुपरमोड्युलस इफेक्ट’.

त्यांची मोजायची पद्धत साधी, घरगुती म्हणावी अशी होती. मायक्रॉनच्या मापातला हा पत्रा एका गोल भोकावर बसवायचा, खालून वायूचा दाब द्यायचा आणि मधोमध किती फुगतो ते पाहायचं. तव्यावर पोळी फुगते तसा तो फुगतो. जितका ताठर, तितका कमी फुगणार. पद्धतीत काही गैर नाही. आजही ती वापरात आहे.

आकडे आले, मग त्यांची कारणंही आली. कुणी म्हणालं, दोन धातूंचे अणू एकमेकांशी जुळवून घेताना ताणले जातात, म्हणून बंध ताठरतात. कुणी इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांचं गणित मांडलं: थरांच्या पुनरावृत्तीमुळे तयार होणारी ‘ब्रिलवाँ झोन’ची सीमा इलेक्ट्रॉनांच्या फर्मी पृष्ठभागाला टेकते आणि म्हणून हे घडतं. कारणमीमांसा हुशार माणसांची होती. आज वाचताना वाटतं, घटना झाली आहे की नाही याची खात्री व्हायच्या आत तिची कारणं तयार असणं ही काही चांगली खूण नव्हे. पण मी कोण बोलणारा? माझ्याही चौपटीची कारणं माझ्याकडे तयार होतीच. स्लाइडवर तीन बुलेटमध्ये.

गंमत अशी, की ज्या ब्रिलवाँचं नाव त्या स्पष्टीकरणात आलं, त्याच्याच नावाचा दुसरा एक शोध या पत्र्यांची तपासणी करणार होता. तो शोध प्रकाशाच्या विकिरणाचा, आणि त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

नारकुंडा बोटीवरून

२६ सप्टेंबर १९२१. एस. एस. नारकुंडा ही बोट मुंबई बंदरात होती. ऑक्सफर्डच्या विद्यापीठ परिषदेहून परतणारे कलकत्त्याचे प्राध्यापक सी. व्ही. रामन तिच्यावर होते. त्या तारखेचं, ‘मुंबई बंदर’ असा पत्ता घातलेलं त्यांचं एक पत्र पुढे नोव्हेंबरात ‘नेचर’मध्ये छापून आलं. विषय होता समुद्राचा रंग.

लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर माणसाने सांगून ठेवलं होतं, की खोल समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, दुसरं काही नाही. रामन यांनी भूमध्य समुद्रावरून येताना एक लहानसा निकोल प्रिझम डोळ्यांपुढे धरला. तो योग्य कोनात फिरवला की पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश विझवता येतो. प्रतिबिंब असं पुसून टाकल्यावर समुद्र काळपट दिसायला हवा होता. तो उलट अधिक निळा दिसला. म्हणजे रंग पाण्याचा स्वतःचा होता: पाण्याचे रेणू सतत हलत असतात, कुठे क्षणभर दाटी होते, कुठे विरळपणा येतो, आणि या सूक्ष्म चढउतारांवरून प्रकाश इतस्ततः विखुरतो.

पनवेलची खाडी पुढे त्याच बंदराच्या पाण्याला मिळते. आमच्याकडचं पाणी निळं कधीच नसतं. गाळाने ते चहाच्या रंगाचं झालेलं असतं, त्यामुळे हा शोध इथे उभं राहून लागला नसता हे मला मान्य आहे. पण मला त्या पत्रातली पद्धत महत्त्वाची वाटते. रॅले यांना खोडून काढायला रामन यांनी समुद्राकडे पुन्हा पुन्हा पाहिलं नाही. प्रिझम घालून वेगळ्या तऱ्हेने पाहिलं.

कलकत्त्याला परतल्यावर या विषयावर पुष्कळ विद्यार्थी जुंपले गेले. त्यांत पालघाटचा एक तरुण होता, एल. ए. रामदास. रामन आणि रामदास यांनी १९२५च्या सुमारास द्रवांच्या पृष्ठभागावरून होणारं विकिरण तपासलं. पाणी एखाद्या भांड्यात अगदी स्थिर ठेवलं, वारा नाही, हादरा नाही, तरी त्याचा पृष्ठभाग काचेसारखा सपाट नसतो. उष्णतेमुळे त्यावर अखंड तरंग उठत असतात, अणू-रेणूंच्या मापाचे. तीव्र प्रकाशझोत टाकला तर ज्या दिशेला परावर्तन नाही तिथूनही पृष्ठभाग मंद उजळलेला दिसतो, तो या तरंगांमुळे. पृष्ठताण जितका कमी, तितके तरंग मोठे आणि उजेड अधिक. म्हणजे नुसता उजेड पाहून, द्रवाला बोटही न लावता, त्याचा पृष्ठताण कळू शकतो. या तरंगांचा विचार रशियातल्या लिओनिद मांडेलश्टाम यांनी १९१३मध्ये मांडला होता.

या कामाबद्दल वाचलं त्या रविवारी मी वडाळे तलावाच्या काठावर बराच वेळ बसलो होतो. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा दिसत होत्या. वारा पडला तरी खाली ते दुसरे तरंग चालूच असणार, तलाव असेपर्यंत, हे मनातून जाईना.

थरथरीचा वेग

समुद्राच्या रंगात किंवा पृष्ठताणात फक्त उजेड किती ते पाहिलं होतं. पुढची पायरी म्हणजे उजेडाचा रंग किती बदलला ते पाहणं.

वस्तूच्या आतली थरथर म्हणजे खरं तर आवाजाच्याच लाटा. कुणी न वाजवलेल्या, निव्वळ उष्णतेने उठलेल्या, सगळ्या दिशांना धावणाऱ्या. धावत्या लाटेवरून प्रकाश उलटला, की गाडीच्या भोंग्याचं होतं तेच त्याचं होतं: लाट आपल्याकडे येत असेल तर वारंवारता किंचित वाढते, दूर जात असेल तर कमी होते. म्हणून विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक फिकी रेषा दिसायला हवी, आणि त्या रेषा किती सरकल्या यावरून लाटेचा वेग कळायला हवा. फ्रान्सच्या लेआँ ब्रिलवाँ यांनी हे १९२२ साली सविस्तर मांडलं. मांडेलश्टामही स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते. त्यांचा लेख १९२६मध्ये आला.

अडचण होती ती बदलाच्या मापाची. प्रकाशाची वारंवारता सेकंदाला सुमारे सहा कोटी कोटी. ती बदलणार सेकंदाला हजार कोटींच्या घरात. म्हणजे साठ हजारांत एखाद्या भागाने. मॉस्कोत मांडेलश्टाम आणि लांड्सबर्ग १९२८मध्ये क्वार्ट्झच्या स्फटिकात हाच बारीक बदल शोधत होते, तेव्हा त्यांना भलताच मोठा बदल सापडला. तोच बदल कलकत्त्यात रामन आणि कृष्णन यांना द्रवांमध्ये सापडला होता, त्याला आपण रामन परिणाम म्हणतो. जो बारीक बदल मुळात शोधायचा होता, तो १९३०मध्ये लेनिनग्राडच्या ग्रॉस यांनी द्रवांमध्ये दाखवला.

आपल्याकडे हे काम पुढे बंगळुरूत झालं. रामन तिथे गेल्यावर १९३०च्या दशकात बी. व्ही. राघवेंद्र राव यांनी अनेक द्रवांच्या अशा रेषा मोजल्या, आणि १९४७ साली आर. एस. कृष्णन यांनी हिऱ्यातल्या रेषा टिपल्या. हिऱ्यात आवाज अफाट वेगाने जातो, त्यामुळे रेषा जास्त सरकतात आणि त्या मानाने सापडायला सोप्या. प्रकाश पाऱ्याच्या दिव्याचा, नोंद फोटोच्या काचेवर, एकेका फोटोसाठी लांबलचक एक्स्पोजर. वेगातून ताठरपणा काढणं मग सोपं गणित आहे: लाटेच्या वेगाचा वर्ग गुणिले घनता. हिऱ्याचा तुकडा ना ताणावा लागतो, ना दाबावा.

पण हे सगळे पदार्थ पारदर्शक. धातूत प्रकाश शिरतच नाही. दहा-वीस नॅनोमीटरच्या आत संपतो. आणि धातूचा पृष्ठभाग कितीही घासून चकचकीत केला तरी त्याच्या बारीकसारीक ओरखड्यांवरून मूळ रंगाचाच इतका प्रकाश विखुरतो, की शेजारची फिकी रेषा त्यात बुडून जाते. भर दुपारी सूर्याशेजारचा तारा शोधावा तसं ते.

१९६०मध्ये लेसर आला, तेव्हा एकाच शुद्ध रंगाचा तीव्र प्रकाश मिळाला. उरलेली अडचण झुरिकला आरसीएच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉन सँडरकॉक यांनी सोडवली. फाब्री-पेरो नावाचं जुनं उपकरण होतं: समोरासमोर ठेवलेले दोन अर्धपारदर्शक आरसे, त्यांच्यातल्या अंतरानुसार ठरावीक वारंवारताच पलीकडे जाऊ देणारे. सँडरकॉक यांनी तोच प्रकाश त्याच आरशांच्या जोडीतून पुन्हा पुन्हा पाठवला. कापड एकदा गाळून जे निघत नाही ते चार-पाचदा गाळून निघावं, तसं नको असलेलं सगळं मागे राहिलं. १९७८पर्यंत धातूच्या पृष्ठभागावर धावणाऱ्या उष्णतेच्या लाटा त्यांनी मोजून दाखवल्या. तरंगांची उंची एका अणूच्या जाडीहूनही कमी, वेग सेकंदाला दोन-तीन किलोमीटर. १९२५मध्ये रामन-रामदास यांनी द्रवावर पाहिलेल्या उजेडाचाच हा भाऊबंद. तिथे तरंगाला पृष्ठताण मागे ओढतो, इथे धातूचा ताठरपणा.

जिथे उसळी हवी तिथे खळगा

आता पुन्हा त्या थरांच्या पत्र्यांकडे. ताठरपणा जर चौपट झाला असेल, तर लाटेचा वेग दुप्पट व्हायला हवा. रेषा दुप्पट सरकायला हव्यात. हा काही शंकेला जागा देणारा फरक नव्हे. आंधळ्यालाही दिसेल.

शिकागोजवळच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत इव्हान शुलर यांनी तांबं आणि नायोबियम यांचे असेच आलटून पालटून थर बनवले होते, आणि मार्कोस ग्रिम्सडिच यांच्याकडे सँडरकॉकच्या धर्तीचं उपकरण होतं. १९८२ साली त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. थरांची जाडी कमी करत नेली, तसा पृष्ठभागावरच्या लाटेचा वेग वाढला नाही, तर कमी झाला. जोडीची जाडी दोन नॅनोमीटरच्या आसपास आली तिथे आलेखात स्पष्ट खळगा. पत्रा ताठर होण्याऐवजी मऊ होत होता, आणि नेमका तिथेच थरांची आतली शिस्त बिघडत असल्याचं क्ष-किरणांनी दाखवलं.

इथे मी घाईने निकाल देऊन टाकला असता. पण तसं करता येत नव्हतं, आणि ज्यांनी तसं केलं नाही त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो. एक तर धातू वेगळे होते. शिवाय दोन्ही तराजू एकच गोष्ट तोलत नव्हते. फुगवून पाहताना पत्रा त्याच्या पातळीत ताणला जातो. पृष्ठभागावरची लाट मुख्यतः थर एकमेकांवर सरकवण्याला होणारा विरोध तपासते. थर चढवलेला धातू एका दिशेने ताठर आणि दुसरीने मऊ असू शकतो. त्यामुळे पुढची काही वर्षं दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदल्या: कुणाकडे उसळी, कुणाकडे खळगा.

निकाल लागला तो १९९०च्या आसपास. सुपरमोड्युलस जिथे जन्मला त्या नॉर्थवेस्टर्नमधल्याच मंडळींनी आरगॉनच्या ग्रिम्सडिच यांना बरोबर घेऊन तांबं-पॅलेडियम आणि तांबं-निकेल यांचे थर पुन्हा बनवले. ते अल्ट्रासाउंडने तपासले आणि प्रकाशाच्या विकिरणानेही. १९९१च्या त्यांच्या निबंधात उसळी नव्हती. चौपट नाही, दुप्पटही नाही.

मग पहिला आकडा आला कुठून? स्टॅनफर्डमध्ये विल्यम निक्स यांच्या गटाने फुगवण्याच्या चाचणीचीच उलटतपासणी केली. ताठरपणा त्यात फुगलेल्या उंचीच्या घनावरून काढावा लागतो: उंची गुणिले उंची गुणिले उंची. म्हणजे उंची मोजायला कुठून सुरुवात केली याला अतोनात महत्त्व. दाब शून्य असताना पत्रा जर अगदी सपाट नसेल, किंचित सैल असेल, सुरकुतलेला असेल किंवा आधीच थोडा वर आला असेल, तर ती छोटी चूक घनाने मोठी होऊन ताठरपणाच्या आकड्यात शिरते. वायूचा दाब बरोबर, उंची बरोबर, सूत्र बरोबर. शून्य चुकीच्या जागी.

हे वाचलं तेव्हा मी मोबाइल बाजूला ठेवून खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

थरांच्या धातूंचं पुढे वाईट झालं नाही. त्यांची मजबुती खरोखर वाढते, तिचे उपयोगही आहेत. आणि त्याच विकिरणाच्या तराजूने दुसरं एक अनपेक्षित सापडलं, जे टिकलं. जर्मनीच्या पीटर ग्र्युनबर्ग यांनी १९८६मध्ये लोखंड-क्रोमियम-लोखंड अशा थरांवर लेसर टाकून त्यातल्या चुंबकीय लाटा तपासल्या. क्रोमियमच्या पापुद्र्याआडून लोखंडाचे दोन थर एकमेकांच्या उलट दिशेने चुंबकित होतात, असं त्यात दिसलं. त्यातूनच दोन वर्षांत ‘जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स’ हाती आला. फ्रान्सच्या आल्बेर फेर यांनाही तो स्वतंत्रपणे सापडला आणि २००७चं नोबेल दोघांना विभागून मिळालं. १९९७पासून हार्ड डिस्कच्या वाचणाऱ्या टोकात हे थर बसू लागले. माझ्या लहानपणीच्या कॉम्प्युटरमध्ये फोटो आणि गाणी मावू लागली त्यामागे ते होते. सुपरमोड्युलसला लोकांनी वर्षानुवर्षं स्पष्टीकरणं पुरवली. या शोधाला मात्र दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या प्रयोगशाळेने दुजोरा दिला.

सिमला ऑफिसातला माणूस

रामदास यांना मी मधेच सोडलं होतं. त्यांचं पुढे काय झालं, हे शोधताना मला या गोष्टीची उलटी बाजू सापडली.

ते १९२६मध्ये हवामान खात्यात गेले. १९२८ साली खात्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. पुणेकर त्या इमारतीला आणि चौकाला अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. त्याच वर्षी ‘रामन परिणाम’ हे नाव शीर्षकात घालून रामदास यांनी ‘नेचर’ला पत्र लिहिलं. १९३२मध्ये पुण्यात शेती-हवामानाचा विभाग निघाला आणि तो त्यांच्याकडे आला. प्रकाश सोडून ते मातीकडे वळले: पिकाच्या उंचीला, जमिनीलगत, रात्री किती थंडी असते?

पुस्तकांत उत्तर ठरलेलं होतं. निरभ्र, निवांत रात्री जमीन उष्णता सोडत गार होते. म्हणून सगळ्यात थंड जमीन, आणि वर जाऊ तसं ऊबदार. रामदास आणि आत्मनाथन यांनी १९३२मध्ये वेगळंच नोंदवलं. उघड्या मातीवर सगळ्यात थंड हवा जमिनीला टेकलेली नसते, तर वीतभर ते हातभर वर असते. म्हणजे खाली ऊबदार हवा आणि तिच्या डोक्यावर गार हवा. ऊबदार हवा वर उसळून हे लगेच मोडायला हवं. ते मोडत नव्हतं, रात्रभर टिकत होतं.

जगाने त्यावर बराच काळ विश्वास ठेवला नाही. थर्मामीटरची चूक असेल, शेजारून गार हवा वाहत आली असेल, अशी कारणं पुढे झाली. मग १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये लेक यांना तसाच थर सापडला, आणि जर्मनीच्या राश्के यांनी खुद्द पुण्यात स्वतःच्या उपकरणांनी मोजून तो पक्का केला. तो का टिकतो याचा सिद्धान्त बंगळुरूच्या वासुदेव मूर्ती, श्रीनिवासन आणि रोद्दम नरसिंहा यांनी १९९३ साली मांडला. पुढच्या प्रयोगांनी हवेतल्या सूक्ष्म कणांच्या उष्णता सोडण्याकडे बोट दाखवलं. आज त्याला ‘रामदास लेयर’ म्हणतात.

एकीकडे धातूचा थर, दुसरीकडे हवेचा. दोन्ही आकडे पुस्तकाविरुद्ध. एकावर लोक पटकन भाळले आणि तो पोकळ निघाला. दुसऱ्याला झिडकारलं आणि तो खरा ठरला. म्हणजे आकडा किती आश्चर्याचा आहे यावरून त्याचं खरंखोटं कळत नाही. सांगणारा शिकागोचा आहे की पुण्याचा यावरूनही नाही. तोच प्रयोग त्याच माणसाने पाच वेळा केल्यानेही नाही. पहिल्या तराजूची खोड ज्यात नाही असा दुसरा तराजू आणावा लागतो. शक्यतो दुसऱ्या कुणाच्या हातचा.

गेल्या डिसेंबरात मामाकडे गेलो होतो, पनवेलपासून तासाभरावरच्या गावात. भात झोडून झालं होतं, खळं मोकळं पडलं होतं. स्वच्छ रात्र, वारा नाही. मी ऑनलाइन मागवलेले दोन डिजिटल थर्मामीटर घेऊन गेलो होतो. एक मातीला लागून ठेवला, दुसरा काठीला बांधून वीतभर वर. मामा कांबळं पांघरून बघायला आला. “काय रे, मातीला ताप आलाय का?” म्हणाला.

रात्री दोनला वरचा थर्मामीटर खालच्यापेक्षा सहा दशांश अंश कमी दाखवत होता. रामदास लेयर! मामाला उठवून सांगावंसं वाटलं. मग आठवलं, आणि दोघांच्या जागा बदलल्या. पंधरा मिनिटं थांबलो. आता खालचा सहा दशांश कमी दाखवत होता.

फरक हवेतला नव्हता, थर्मामीटरमधला होता. मी दोन्ही पिशवीत टाकले आणि झोपायला गेलो. सकाळी मामाने विचारलं, काय निघालं? म्हटलं, काही नाही निघालं. पुढच्या वर्षी चांगले थर्मामीटर आणतो, आणि वाचायला तू बस.